वाऱ्याचे भागधारक

कोपनहेगन बंदरापासून साडेतीन किलोमीटरवर, समुद्रात, वीस पवनचक्क्या एका कमानीत उभ्या आहेत. त्या उथळ जागेचं नाव मिडलग्रुनडन. प्रत्येक चक्की २ मेगावॉटची, म्हणजे एकूण ४० मेगावॉट. २००० साली त्या फिरू लागल्या तेव्हा समुद्रातला तो जगातला सर्वांत मोठा पवनऊर्जा प्रकल्प होता. पुढे याहून कितीतरी मोठे प्रकल्प झाले, पण ऊर्जेचा अभ्यास करणारे अजूनही मिडलग्रुनडनचं नाव घेतात, ते त्याच्या मालकीमुळे. वीसपैकी दहा चक्क्या शहराच्या वीज कंपनीने घेतल्या. उरलेल्या दहा साडेआठ हजारांहून जास्त नागरिकांनी मिळून विकत घेतल्या. त्यात शिक्षक होते, पेन्शनर होते, दुकानदार होते.

त्यांच्या मंडळाने आपल्या दहा चक्क्यांचे ४०,५०० भाग पाडले. एक भाग म्हणजे वर्षाला १००० युनिट वीज तयार होईल एवढा वाटा, आणि त्याची किंमत ४,२५० क्रोन. कुणी एक भाग घ्यावा, कुणी दहा. सभेत मात्र प्रत्येकाला मत एकच.

पवनचक्की कोणीही उभारू शकतो, पैसा आणि यंत्र असलं की झालं. पण एका शहरातली हजारो माणसं एकत्र येऊन वीजनिर्मितीची मालक होतात, वीस-पंचवीस वर्षं हिशोब ठेवतात आणि भांडणं मिटवत पुढे जातात, हे कसं साधतं? या प्रकरणात आपण त्याचा शोध घेणार आहोत. आधी डेन्मार्क, मग गुजरातमधलं एक गाव आणि शेवटी आपला अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा.

आधी दूध, मग वारा

डेन्मार्कमध्ये सहकाराची सुरुवात दुधापासून झाली. १८८२ साली पश्चिम युटलंडमधल्या हेडिंग या खेड्यात शेतकऱ्यांनी पहिली सहकारी डेअरी काढली. लोणी काढण्याचं यंत्र एकट्यादुकट्याला परवडणारं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी मिळून घेतलं. नफा दुधाच्या प्रमाणात वाटायचा आणि मत माणशी एक, मग गोठ्यात दोन गाई असोत की चाळीस, असा रिवाज या डेअऱ्यांमधून देशभर रुजला. काही दशकांत बहुतेक गावांत अशी डेअरी झाली. म्हणजे वीज गावात पोहोचण्याआधीच ताळेबंद वाचणारा, सभेत प्रश्न विचारणारा शेतकरी तिथे तयार झाला होता.

त्याच काळात अस्कोव गावच्या लोकशाळेत पाउल ला कूर नावाचे भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. त्यांनी १८९१ साली सरकारी मदतीने शाळेच्या आवारात वीज निर्माण करणारी पवनचक्की उभारली. वारा पडला की वीज बंद, ही अडचण त्यांनाही होतीच. त्यावर त्यांनी विजेने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन साठवला आणि त्यावर काही वर्षं शाळेतले दिवे लावले. कमी पाती असलेली, वेगाने फिरणारी चक्की जास्त वीज देते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवलं. १९०४ पासून ते खेड्यातल्या तरुणांसाठी वीजतंत्राचे वर्ग घेऊ लागले. शहरातल्या झगमगाटापेक्षा खेड्यातल्या अंधाराची त्यांना चिंता होती.

त्या पहिल्या वर्गात योहानेस युल नावाचा एक मुलगा होता. पन्नासहून अधिक वर्षांनी, १९५७ साली, याच युल यांनी गेडसर इथे २०० किलोवॉटची तीन पात्यांची चक्की उभी केली आणि ती दहा वर्षं जवळजवळ विनातक्रार चालली. पुढे जगभर पसरलेल्या डॅनिश पवनचक्कीचा मूळ नमुना तोच. स्वस्त तेलाच्या त्या दिवसांत मात्र तिची कुणाला गरज वाटली नाही.

तेल महागलं तेव्हा

१९७३ साली तेलाचा भाव भडकला. डेन्मार्कची सुमारे नऊ दशांश ऊर्जा तेव्हा आयात केलेल्या तेलावर चालत होती. रविवारी गाड्या बंद ठेवायची वेळ आली. सरकारपुढे अणुऊर्जेचा पर्याय होता, पण समाजातल्या मोठ्या गटाला तो मान्य नव्हता. हसऱ्या सूर्याचं चित्र आणि ‘अणुऊर्जा? नको, आभारी आहोत’ असे शब्द असलेला, आज जगभर ओळखीचा झालेला बिल्ला १९७५ साली डेन्मार्कमधल्याच आने लुंड या तरुणीने काढला. विरोध करणाऱ्यांपैकी अनेकांनी पर्यायही स्वतःच उभारायला घेतला. क्रिस्टियन रिसेगर नावाच्या एका सुताराने २२ किलोवॉटची चक्की तयार करून विकायला सुरुवात केली. ट्विंड इथल्या शाळांतल्या शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आणि स्वयंसेवकांनी मिळून २ मेगावॉटची महाकाय चक्की बांधली. १९७८ साली ती फिरू लागली आणि अजूनही उभी आहे.

सुरुवातीच्या चक्क्या मोडायच्याही खूप. वादळात पाती सुटायची, ब्रेक निकामी व्हायचे. १९७८ साली चक्कीमालकांनी आपली संघटना काढली आणि मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटणारं काम तिने केलं. प्रत्येक मालकाने आपल्या मीटरचं महिन्याचं रीडिंग आणि झालेला बिघाड संघटनेला कळवायचा. संघटना ती माहिती मासिकात छापायची. कुठल्या कंपनीची चक्की किती वीज देते, कुठली किती वेळा बंद पडते, हे सगळं दर महिन्याला जाहीर. गिऱ्हाईक कंपनीच्या जाहिरातीऐवजी शेजाऱ्यांचे आकडे पाहून चक्की निवडू लागलं. प्रत्येक चक्कीला दोन स्वतंत्र ब्रेक हवेत, हा आग्रहही याच संघटनेने धरला. जर्मनीत आणि अमेरिकेत त्याच काळात सरकारी पैशातून बड्या उद्योगांनी अजस्र चक्क्या बांधल्या आणि त्यातल्या बऱ्याच फसल्या. डेन्मार्कमधल्या छोट्या चक्क्या दरवर्षी थोड्या थोड्या सुधारत गेल्या, कारण वापरणाऱ्यांचे आकडे बनवणाऱ्यांसमोर उघडे होते.

सरकारने तीन गोष्टी केल्या. १९७९ पासून चक्कीच्या खर्चाच्या ३० टक्के अनुदान दिलं, पण सरकारी चाचणी केंद्राने मंजूर केलेल्या चक्कीलाच. चक्की ग्रिडला जोडण्याचा खर्च मालक आणि वीज कंपनी यांच्यात वाटून दिला. आणि पुढे १९९०च्या दशकात कायद्याने ठरवलं की वीज कंपनीने या विजेला ग्राहकाकडून घेतल्या जाणाऱ्या दराच्या, कर वगळून, ८५ टक्के भाव द्यायचा. चक्क्या सुधारल्या, स्वस्त झाल्या, तसं अनुदान घटवत नेऊन १९८९ मध्ये ते बंद झालं. भावाची हमी मात्र मिळाली, आणि भाव पक्का असला की साधा माणूसही वीस वर्षांचा हिशोब मांडू शकतो.

मंडळ चालतं कसं?

गावागावांत पवनचक्की मंडळं निघाली. त्यांची घडण साधी आहे. चक्कीतून वर्षाला जितकी वीज अपेक्षित, तिला १००० युनिटांनी भागायचं, तितके भाग. कुटुंबाने आपल्या वापराच्या अंदाजाने भाग घ्यायचे. सुरुवातीला चक्कीच्या आसपास राहणाऱ्यांनाच भाग घेता येत असे आणि एका कुटुंबाने किती घ्यायचे यालाही मर्यादा होती. त्यामुळे कुणा श्रीमंताने सगळे भाग खरेदी करून गाव बाजूला सारण्याची सोय उरली नाही.

दुसरा नियम कर्जाचा. ही मंडळं कायद्याच्या दृष्टीने भागीदारी संस्था होती, म्हणजे संस्था बुडाली तर प्रत्येक सभासदाची मालमत्ता जबाबदार. म्हणून त्यांनी घटनेतच लिहून टाकलं की मंडळाच्या नावावर कर्ज काढायचं नाही. ज्याला पैसे कमी पडतात त्याने आपल्या नावावर बँकेतून घ्यावेत, भाग तारण ठेवावा. चक्की उभी राहायची ती सभासदांच्या पूर्ण भरलेल्या पैशांवर. देखभालीसाठी उत्पन्नातून दरवर्षी रक्कम बाजूला काढायची, विमा उतरवायचा आणि उरलेलं भागांप्रमाणे वाटायचं. हिशोब एखाद्या वहीत मावेल इतका सोपा असे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस डेन्मार्कमध्ये एक लाखाहून जास्त कुटुंबांच्या नावावर असे भाग होते. देशातल्या बहुतेक चक्क्या एक तर अशा मंडळांच्या होत्या किंवा एकेकट्या शेतकऱ्यांच्या.

मिडलग्रुनडन हे या परंपरेचं मोठं फळ. त्याची सुरुवातीची योजना २७ चक्क्यांची होती, तीन रांगांमध्ये. जनसुनावणीत लोक म्हणाले, राजधानीसमोर समुद्रात असं जंगल नको. मग संख्या वीसवर आली आणि कोपनहेगनच्या जुन्या तटबंदीच्या वळणाला जुळेल अशी कमान आखली गेली. आवाजाची भीती असलेल्यांना चालत्या चक्कीजवळ नेऊन आवाज ऐकवला. जागाही विचारपूर्वक निवडली होती. तिथे सुमारे दोनशे वर्षं बंदरातला गाळ आणि कचरा टाकला जात होता. सुनावणीमुळे काम लांबलं, पण उभं राहिलेलं काम शहराने आपलं मानलं.

सामसो

मालकी गावाकडे असली की काय होतं, हे पाहायला सामसो बेटावर जावं लागेल. क्षेत्रफळ ११४ चौरस किलोमीटर, वस्ती तेव्हा चार हजारांच्या आसपास. शेती मुख्यतः बटाट्याची आणि स्ट्रॉबेरीची. १९९७ साली सरकारने स्पर्धा जाहीर केली: दहा वर्षांत संपूर्णपणे अक्षय ऊर्जेवर चालण्याचा सर्वांत चांगला आराखडा कोणतं बेट देईल? सामसो जिंकलं. बक्षीस म्हणून पैसा मिळाला नाही, फक्त मान मिळाला. पैसा बेटावरच्या लोकांनीच उभा करायचा होता.

बेटावर जन्मलेले, शेतकऱ्याच्या घरातले सोरेन हेर्मान्सेन तेव्हा पर्यावरण शिकवत होते. ते गावोगाव बैठका घेऊ लागले. हवामानबदलावर भाषण देण्यापेक्षा त्यांनी लोकांच्या रोजच्या प्रश्नांपासून सुरुवात केली. घर तापवायला तेलाचं बिल किती येतं? तो पैसा बेटाबाहेर जातो, तो इथे राहिला तर? गावात कोणाच्या शब्दाला वजन आहे ते हेरून आधी त्याच्याशी बोलायचं, ही त्यांची पद्धत आपल्याकडच्या कुठल्याही ग्रामसेवकाला पटेल.

२००० साली जमिनीवर १ मेगावॉटच्या अकरा चक्क्या उभ्या राहिल्या. नऊ शेतकऱ्यांच्या, दोन सहकारी मंडळांच्या. बेटाची विजेची गरज त्यांनी भागवली. २००३ साली समुद्रात २.३ मेगावॉटच्या दहा चक्क्या आल्या. त्यातल्या पाच नगरपालिकेच्या, बाकीच्या शेतकऱ्यांच्या आणि छोट्या भागधारकांच्या. घरं तापवण्यासाठी गावागणिक केंद्रं निघाली. तिथे बेटावरच्याच शेतातला गव्हाचा पेंढा जाळायचा आणि जमिनीखालच्या नळांतून गरम पाणी घरोघर पोहोचवायचं. काम सुरू होण्याआधी नाव नोंदवणाऱ्याला जोडणी जवळपास फुकट, मागून येणाऱ्याने खर्च भरायचा, या एका नियमामुळे कुंपणावर बसलेले खाली उतरले.

बेटावरच्या मोटारी आणि फेरीबोटी तेलावरच चालत राहिल्या. समुद्रातल्या चक्क्यांची जास्तीची वीज मुख्य भूमीला पाठवून त्या तेलाची भरपाई होते, असा हिशोब सामसोने मांडला. म्हणजे हे यश वर्षाच्या ताळेबंदातलं आहे. बेट तेलापासून पूर्ण सुटलं असं म्हणता येणार नाही. तरीही चार हजार माणसांनी स्वतःच्या भांडवलावर हे दहा वर्षांच्या आत उभं केलं, ही गोष्ट मोठी आहे.

नियम बदलले आणि…

नव्या शतकाच्या तोंडावर डेन्मार्कने वीज बाजार खुला केला. पक्का भाव गेला, बाजारभाव आला. शेजारी राहण्याची अट सैल झाली. चक्क्या इतक्या मोठ्या आणि महाग झाल्या की गावाच्या मंडळाला त्या झेपेनात, आणि मोठे गुंतवणूकदार उतरले. नवी मंडळं निघणं जवळजवळ थांबलं.

मग गावागावांत पवनचक्कीला विरोध वाढू लागला. आवाज तोच, सावली तीच, फक्त मालक आता दूरचा होता. अखेर २००८ सालच्या कायद्याने सक्ती केली: नव्या प्रकल्पातले किमान २० टक्के भाग साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्या रहिवाशांना आधी देऊ करायचे. जे पूर्वी गावाने स्वतः उभं केलं होतं, त्याचा एक तुकडा कायद्याने परत द्यावा लागला.

आपल्या साताऱ्यातल्या पठारांवर, वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या बाजूला, १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. मिडलग्रुनडनचीच ही वर्षं. पण इथे प्रोत्साहन होतं ते आयकरातल्या घसाऱ्याच्या सवलतीचं: चक्कीची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा करता येत होती. साहजिकच चक्क्या घेतल्या त्या भरपूर कर भरावा लागणाऱ्या कंपन्यांनी आणि धनिकांनी. पठारावरच्या शेतकऱ्याला अशा सवलतीचा काय उपयोग? वारा त्याच्या माथ्यावरून वाहत होता, पण मालकीच्या दाराची चावी दुसऱ्याच्या हातात दिलेली होती. सरकार पैसा कोणत्या वाटेने सोडतं, यावर मालक कोण होणार हे ठरतं.

धुंडीचं नवं पीक

आता वाऱ्याकडून उन्हाकडे. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातलं धुंडी हे गाव. १९४६ साली ज्या दूध संघातून अमूल उभं राहिलं, त्या खेडा-आणंदच्याच मातीतलं. इथल्या काही शेतकऱ्यांकडे विजेची जोडणी नव्हती, डिझेलच्या पंपांवर शेती चालायची. २०१६ साली त्यांनी सौरपंपधारकांची सहकारी संस्था नोंदवली. सौर सिंचनाची अशी सहकारी संस्था जगातली पहिली मानली जाते. आधी सहा सभासद होते, पुढे नऊ झाले. यामागे आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ तुषार शहा आणि त्यांचे सहकारी होते.

शहा यांना काळजी होती ती भूजलाची. सौरपंप बसला की ऊन फुकट, वीज फुकट. मग शेतकरी दिवसभर पंप चालू ठेवणार, पाटाला पाणी सोडून देणार, आणि विहिरी आटणार. पंजाबपासून आपल्या मराठवाड्यापर्यंत फुकट आणि स्वस्त विजेने हे केलेलंच आहे. शहा यांचं उत्तर असं: उरलेली वीज शेतकऱ्याकडून विकत घ्या. विजेला पीक माना.

धुंडीत प्रत्येक सभासदाच्या शेतात त्याचा पंप, त्याचे पॅनल आणि त्याचा मीटर आहे. सगळ्यांच्या तारा एकत्र येऊन एका ठिकाणी ग्रिडला मिळतात आणि तिथे वीज कंपनीचा एक मीटर. कंपनी संस्थेला एकच बिल देते, संस्था सभासदांच्या मीटरप्रमाणे पैसे वाटते. नऊ वेगळे करार, नऊ जोडण्या, नऊ तपासण्या करणं कंपनीला नको असतं. ते काम संस्थेने अंगावर घेतलं, म्हणून तर छोट्या शेतकऱ्याची वीज ग्रिडवर चढू शकली. सहकाराची गरज इथे अगदी स्पष्ट दिसते.

वीज कंपनीने पंचवीस वर्षांचा करार केला, युनिटला ४ रुपये ६३ पैसे. बदल्यात सभासदांनी तेवढ्या काळासाठी कंपनीकडून शेतीपंपाची स्वस्त जोडणी मागण्याचा हक्क सोडला. त्यावर संशोधन प्रकल्पातून दोन जादा रकमा मिळत होत्या, हरित ऊर्जेसाठी सव्वा रुपया आणि भूजल वाचवल्याबद्दल सव्वा रुपया. आता पंप तासभर विनाकारण चालवला तर शेतकऱ्याच्या खिशातून पैसे जातात. ५ किलोवॉट वीज खाणारा पंप एक तास चालला तर पाच युनिट, म्हणजे कराराच्या भावाने तेवीस रुपये. ही किंमत डोळ्यांसमोर असली की पाणी जपून वापरा असं वेगळं सांगावं लागत नाही. पॅनल उंच सांगाड्यावर बसवल्यामुळे खाली पालक, गाजर, लसूण अशी पिकंही निघतात. आणि विजेच्या पिकाला बी नको, खत नको, अवकाळीची भीती नको.

धुंडीची मर्यादाही सांगायला हवी. पहिल्या सभासदांच्या भांडवलाचा बहुतांश भाग संशोधन प्रकल्पाने दिला. अशा सवलतीवर देशभर संस्था उभ्या राहणार नाहीत. पण तिने एक रचना चालवून दाखवली. पुढे आणंद जिल्ह्यातल्या मुजकुवा गावात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या मदतीने अशीच संस्था निघाली आणि शेतकऱ्याची उरलेली वीज विकत घेणारी योजना गुजरात सरकारनेही आणली.

मुळा-प्रवरेचा धडा

सहकार आणि वीज हे नातं महाराष्ट्राला नवं नाही. १९५० साली नगर जिल्ह्यातल्या प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याच प्रवरेच्या टापूत वीस वर्षांनी विजेचा सहकार आला. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं आणि देशात पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था प्रायोगिक म्हणून निवडल्या गेल्या: गुजरातेत कोडिनार, आंध्रात सिरसिल्ला, कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातलं हुक्केरी, उत्तर प्रदेशात लखनौ आणि महाराष्ट्रात मुळा-प्रवरा. प्रेरणा अमेरिकेची होती. तिथे १९३५ नंतर खासगी कंपन्यांनी नाकारलेल्या खेड्यांत शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनीच तारा ओढल्या, आणि आजही सुमारे नऊशे संस्था ग्रामीण अमेरिकेला वीज पुरवतात.

श्रीरामपूरच्या मुळा-प्रवरा संस्थेने राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, नेवासे भागात गावोगाव वीज नेली. उसाच्या मळ्यांत पंप सुरू झाले. संस्था वीज मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची आणि सभासदांना पुरवायची. पण तिच्या ग्राहकांत शेतीपंपांचा वाटा फार मोठा होता. शेतीच्या विजेचा दर कमी, अनेक पंपांना मीटर नाही, वसुली ढिली आणि गळती मोठी. राज्याच्या मंडळाला शेतीतला तोटा मुंबई-पुण्याच्या उद्योगांकडून जास्त दर घेऊन भरून काढता येत होता. मुळा-प्रवरेकडे असे उद्योग नव्हते. घाऊक दर किती असावा यावर वर्षानुवर्षं वाद चालले, थकबाकी फुगत गेली, आणि २०११च्या जानेवारीअखेर परवाना संपल्यावर महावितरणने तो भाग ताब्यात घेतला. चार दशकांची संस्था वितरणातून बाहेर पडली.

हुक्केरी आणि सिरसिल्लाच्या संस्था मात्र अजून चालू आहेत. म्हणजे सहकारच चुकीचा होता असं म्हणता येत नाही. मुळा-प्रवरेत सभासद मालक होता, पण आपण किती वीज वापरली हे त्याला मीटरवर दिसत नव्हतं, आणि आपल्या संस्थेने ती काय भावाने घेतली हे त्याच्या बिलात उमटत नव्हतं. डेन्मार्कचा चक्कीमालक दर महिन्याला आपलं रीडिंग मासिकात छापायला पाठवत होता. फरक इथे पडला. ज्या संस्थेत मोजमाप नाही, तिथे मालकी कागदावरच राहते.

भाडं की मालकी?

आज महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना वेगाने पुढे जाते आहे. शेतीच्या फीडरना दिवसा वीज मिळावी म्हणून उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभे राहत आहेत. रात्री दोन वाजता बिबट्याच्या भीतीने दारं धरायला जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी दिवसाची वीज ही फार मोठी गोष्ट आहे. यात जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडं मिळतं, त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. माळरानाला हा भाव वाईट नाही.

तरी एक ढोबळ हिशोब मांडू. एका मेगावॉटला साधारण दोन हेक्टर जमीन लागते. वर्षाला पंधरा लाखांच्या आसपास युनिट निघतात. युनिटला तीन रुपये धरले तर ४५ लाखांचं उत्पन्न. जमीनमालकाला सुरुवातीला अडीच लाख. बाकीचं प्रकल्पाच्या मालकाचं. अर्थात त्याने सुमारे ४ कोटी गुंतवलेले असतात आणि जोखीमही त्याची असते. १ कोटी २० लाख स्वतःचे आणि बाकी दहा टक्के व्याजाचं पंधरा वर्षांचं कर्ज धरलं, तर हप्त्यापोटी वर्षाला सुमारे ३६ लाख जातात. देखभाल वजा केली की कर्ज फिटेपर्यंत हाती थोडंच उरतं. पण करार पंचवीस वर्षांचा असेल तर शेवटची दहा वर्षं जवळजवळ सगळं उत्पन्न मालकाचं. आणि ते १ कोटी २० लाख? २४० कुटुंबांनी पन्नास-पन्नास हजार घातले की झाले. साखर कारखान्यासाठी, दूध संघासाठी, पतसंस्थेसाठी आपल्या गावांनी याहून कठीण भांडवल उभं केलेलं आहे.

वाटही बंद नाही. केंद्राच्या २०१९च्या कुसुम योजनेचा एक भाग ५०० किलोवॉट ते २ मेगावॉटच्या प्रकल्पांसाठीच आहे आणि त्यात शेतकऱ्यांचे गट, सहकारी संस्था, ग्रामपंचायती, शेतकरी उत्पादक कंपन्या, पाणीवापर संस्था यांना मालक होता येतं. अडतं ते कर्जावर, निविदांच्या आकारावर आणि वीजबिलाचे पैसे वेळेवर मिळतील या भरवशावर. डेन्मार्कने अशाच गाठी सोडवल्या होत्या. इथेही त्या सोडवता येतील: गावाच्या संस्थेसाठी छोट्या निविदा राखून ठेवायच्या, वीजखरेदीच्या पैशांना हमी द्यायची, आणि जिल्हा बँकेने कारखान्याला देते तसं प्रकल्पाला कर्ज द्यायचं. आपल्या आमदाराकडे डांबरी रस्ता मागतो तशी ही मागणी करायला हवी.

शहरातल्या वाचकाला तर वाट पाहायचीही गरज नाही. आपण राहतो ती गृहनिर्माण संस्था मुळात सहकारी संस्था आहे. तिची गच्ची सभासदांच्या सामाईक मालकीची आहे. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांचं बिल सगळे मिळून भरतात. केंद्राच्या सूर्यघर योजनेत संस्थेच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॉटचं पॅनल आपल्या हवेत दिवसाला सरासरी चार युनिट देतं.

पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जाल तेव्हा गेल्या बारा महिन्यांची सामाईक वीजबिलं मागून घ्या आणि गच्चीचं मोजमाप विचारा. पॅनल बसले की त्याचं महिन्याचं रीडिंग सूचनाफलकावर लावायचा ठराव मांडा. गावात असाल तर आपल्या उपकेंद्राजवळचा प्रकल्प कोणाच्या नावावर होतो आहे ते विचारा, आणि तो गावाच्या नावावर करण्याची तयारी आजच सुरू करा. पंचवीस वर्षांचे करार याच काही वर्षांत होत आहेत. एकदा सह्या झाल्या की मालक ठरला.